मला तीन मतं, तिला एक: शिक्षक आमदार समजून घेताना

आमच्या घरात दोन शिक्षक. मी नाशिक शहरात माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. बायकोने सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यांवर, जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं पहिली-दुसरी सांभाळली. सोमवारी पहाटेच्या एसटीने जायची, शनिवारी दुपारी परत यायची. पण राज्याच्या विधिमंडळात माणसं पाठवायची वेळ आली की मला तीन मतं आणि तिला एक. विधानसभेचं मत दोघांनाही. पदवीधर आमदाराचं मत मला, कारण मी बीएस्सी, बीएड. ती बारावीनंतर डीएड झालेली, म्हणजे पदविका, पदवी नव्हे. आणि शिक्षक आमदाराचं मतही मलाच.

हे शेवटचं सांगितलं की ऐकणारा हमखास अडवतो. "सर, मॅडमपण शिक्षिकाच ना?"

होत्याच. पण कायद्याच्या लेखी या मतदारसंघासाठी नव्हत्या. हे असं का, शिक्षक आमदार नक्की कोण, तो निवडला कसा जातो आणि निवडून गेल्यावर त्याच्या हातात काय असतं, हे नीट उलगडून सांगावं असं बरेच दिवस मनात होतं. कारण वर्तमानपत्रात या निवडणुकीची बातमी येते ती कोण कोणाला पाडणार एवढ्यापुरती. मूळ गोष्ट काय, हे शाळेतल्या तरुण शिक्षकांनाही धड माहीत नसतं.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाला दोन सभागृहं आहेत. विधानसभेत २८८ आमदार, ते आपण सगळे मिळून निवडतो. दुसरं सभागृह विधान परिषद, तिथे ७८ आमदार. देशात आज सहाच राज्यांत असं दुसरं सभागृह आहे. परिषदेतले ३० जण विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जण महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांतले लोकप्रतिनिधी निवडतात, १२ जणांना राज्यपाल नेमतात. उरले १४. त्यांतले सात पदवीधर निवडतात आणि सात शिक्षक. हे सात शिक्षक मतदारसंघ म्हणजे मुंबई, कोकण, नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर.

आपला नाशिक विभाग म्हणजे नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर हे पाच जिल्हे, ५४ तालुके. विधानसभेचे ४७ मतदारसंघ या एकट्या मतदारसंघात बसतात. एका टोकाला सातपुड्यातलं अक्कलकुवा, दुसऱ्या टोकाला पार जामखेड. ज्या माणसाला हे पद पेलायचं त्याला आधी हे अंतर पेलावं लागतं. मुदत सहा वर्षांची. परिषद कधी बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात.

आता बायकोला मत का नाही, ते. राज्यघटनेच्या १७१व्या कलमात शिक्षक मतदारांची व्याख्या आहे. राज्यातल्या शैक्षणिक संस्थेत किमान तीन वर्षं शिकवलेलं असावं, आणि ती संस्था माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाची नसावी. म्हणजे हायस्कूलचा शिक्षक चालतो, कनिष्ठ महाविद्यालयाचा चालतो, विद्यापीठातला प्राध्यापक चालतो. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा चालत नाही. ही अट खुद्द घटनेत असल्यामुळे मुंबईत कायदा करून ती काढता येत नाही, त्यासाठी घटनादुरुस्तीच लागेल.

मला हे कधीच पटलेलं नाही. माझ्या वर्गात मुलगा पाचवीत यायचा तेव्हा त्याला वाचता येत असे. त्याला अक्षर ओळखायला लावणारं कोणीतरी दुसरंच होतं. कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या पोरांना नुसतं जवळ बोलवायचं तरी माझ्या बायकोला आधी कोकणा शिकावी लागली. पावसाळ्यात पाड्यावरच्या शाळेचं छप्पर गळायचं, तेव्हा दोन्ही वर्ग एका कोपऱ्यात घेऊन ती शिकवायची. त्याच गावाची मतदार यादी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून तिनेच वर्षानुवर्षं सांभाळली. कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण अठरा वर्षांचं झालं, सगळं तिच्या वहीत. यादी सांभाळायला ती चालते, आणि शिक्षकांच्या यादीत तिला जागा नाही.

कोणी म्हणेल, प्राथमिक शिक्षकांच्या संघटना भक्कम आहेत, त्या मंत्र्यापर्यंत पोचतात. खरं आहे. आणि शिक्षक आमदार प्राथमिक शाळांचे प्रश्न विचारतच नाहीत असंही नाही, चांगले आमदार विचारतात. पण ज्याची मतं घ्यायची नाहीत त्याच्या दाराशी माणूस कितीदा जाणार? सहा वर्षांत प्रचाराची एकही गाडी त्या पाड्यावर आली नाही, हे मी तिच्या तोंडून ऐकलं आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. मत द्यायला शिक्षक असावं लागतं, पण उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे असं नाही. वयाची तीस वर्षं पूर्ण हवीत आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार स्वतः पदवीधर असावा लागतो का, हा वाद मद्रासहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९७२ साली न्यायालयाने सांगितलं की घटनेत तशी अट नाही आणि न्यायालय ती घालू शकत नाही. शिक्षक मतदारसंघालाही हाच न्याय लागू पडतो. त्यामुळे संस्थाचालक, वकील, व्यापारी, कोणीही उभं राहू शकतं.

नाशिकमध्ये तर राजकारण आणि शिक्षण पहिल्यापासून हातात हात घालून चाललं आहे. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४चा. बहुजनांची पोरं शिकायला शहरात आली तर राहणार कुठे, या अडचणीतून वसतिगृह उभं राहिलं आणि त्यातून पुढे संस्था वाढली. मालेगावकडचे भाऊसाहेब हिरे मुंबई राज्याचे महसूलमंत्री होते, कुळकायद्याच्या काळातलं मोठं नाव. त्यांनीच महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्था उभी केली. तिकडे सुरगाणा-पेठच्या बाजूला दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळाने आदिवासी मुलांसाठी शाळा काढल्या. त्या पिढीला आमदारकी आणि शाळा ही दोन वेगळी कामं वाटतच नव्हती. गावात रस्ता हवा तशी शाळा हवी, आणि ती सरकार काढत नसेल तर आपण काढू, असा तो खाक्या होता. पुढे त्याच संस्था वाढून शेकडो शाळांच्या झाल्या, त्यांच्या निवडणुका विधानसभेइतक्या चुरशीच्या झाल्या, आणि शिक्षक मतदारसंघावर संस्थांचं वजन आलं. २०१२ साली हिरे घराण्यातले अपूर्व हिरे याच मतदारसंघातून परिषदेवर गेले.

संस्था चालवणारा माणूस शिक्षकांचा प्रतिनिधी झाला म्हणजे वाईटच, असं मी म्हणत नाही. शाळेचा हिशोब, मान्यतेच्या कटकटी त्याला आतून माहीत असतात. पण संस्थेने शिक्षकाला त्रास दिला तर त्या शिक्षकाने जायचं कोणाकडे, हा प्रश्न उरतो. मत देताना मी तरी तो मनाशी विचारत आलो.

मतदानाची पद्धत हा या निवडणुकीतला सगळ्यात न समजलेला भाग. इथे यंत्र नाही, बटण नाही, शिक्काही नाही. मतपत्रिका कागदाची, आणि तिच्यावर लिहायला केंद्रावरच जांभळ्या शाईचा पेन मिळतो. तोच वापरायचा. आपल्या खिशातल्या पेनाने लिहिलंत तर मत बाद. आवडत्या उमेदवाराच्या नावासमोर १ हा आकडा लिहायचा. मग वाटलं तर दुसऱ्यासमोर २, तिसऱ्यासमोर ३. आकडा मराठी चालतो, इंग्रजी चालतो, रोमनही चालतो. अक्षरात "एक" लिहिलं तर बाद. बरोबरची खूण केली तर बाद. दोघांसमोर १ लिहिला तरी बाद. कोणाहीसमोर १ न लिहिता नुसते २ आणि ३ लिहिले तरीही बाद. आयुष्यभर पोरांच्या उत्तरपत्रिका तपासणारी माणसं इथे चुकतात आणि मोजणीत बाद मतांचा गठ्ठा निघतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मोजणी कशी होते ते गणिताच्या मास्तराने सांगितलंच पाहिजे. समजा वैध मतं १,००० आहेत. जिंकायचा कोटा म्हणजे निम्मी मतं अधिक एक, म्हणजे ५०१. चार उमेदवार आहेत. पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: पाटलांना ४२०, जाधवांना ३१०, अहिऱ्यांना १९०, सोनारांना ८०. कोणीच ५०१पर्यंत गेलं नाही. विधानसभेला पाटील इथेच गुलाल उधळून मोकळे झाले असते. इथे खरी मोजणी आत्ता सुरू होते.

सगळ्यात मागे सोनार, म्हणून ते बाद. पण त्यांच्या ८० मतपत्रिका वाया जात नाहीत. त्या उघडून २ कोणासमोर आहे ते बघतात. समजा २० पाटलांकडे गेल्या, ४५ जाधवांकडे, १० अहिऱ्यांकडे, आणि पाचांवर दुसरा आकडाच नाही, त्या बाजूला पडल्या. आता पाटील ४४०, जाधव ३५५, अहिरे २००. अजूनही ५०१ कोणाचे नाहीत. मग अहिरे बाद. त्यांच्या २०० पत्रिकांवरची पुढची पसंती बघितली. ३५ पाटलांना, १५० जाधवांना, १५ कोऱ्या. पाटील झाले ४७५ आणि जाधव ५०५. जाधव निवडून आले.

पहिल्या फेरीत जाधव ११० मतांनी मागे होते, तरी जिंकले, आणि यात लबाडी काही नाही. ज्यांना सोनार किंवा अहिरे हवे होते, त्यांतल्या बहुतेकांना पाटलांपेक्षा जाधव चालणार होते, एवढंच या पद्धतीने शोधून काढलं. म्हणून प्रचारात "पहिली पसंती नसेल देता येत, तर निदान दुसरी आम्हाला द्या" असं विनवणारे उमेदवार भेटतात. २०२४ साली आपल्या नाशिकचा निकाल पहिल्या पसंतीवर लागलाच नाही. दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली आणि मग किशोर दराडे निवडून आले, त्यांची ही सलग दुसरी खेप. म्हणून माझं सगळ्या शिक्षकांना सांगणं असायचं, १ लिहून पेन खाली ठेवू नका. तुमचा माणूस मागे पडला तर तुमची पत्रिका त्या पंधरा कोऱ्यांत जाऊन पडेल.

निवडून गेल्यावर तो करतो काय? शिक्षक आमदाराचं सगळं आयुष्य ज्या एका शब्दाभोवती फिरतं तो शब्द म्हणजे अनुदान. २००१ साली सरकारने नव्या शाळांना "कायम विनाअनुदानित" या अटीवर परवानग्या द्यायला सुरुवात केली. अर्थ सरळ आहे: शाळा काढा, पण पगाराचे पैसे मागू नका. आदिवासी भागात, दुष्काळी तालुक्यात, जिथे पालक फी देऊच शकत नाहीत, तिथेही अशा शाळा निघाल्या. त्यांत बीएड झालेली पोरं पोरी आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर फुकट किंवा चार-दोन हजारांवर राबली. आंदोलनं झाली, सभागृहात प्रश्न आले, आणि २००९ साली "कायम" हा शब्द काढला. एक शब्द गेला. त्यामुळे दार किलकिलं झालं, उघडलं नाही. मग शाळांचं मूल्यांकन, मग पात्र-अपात्र याद्या, मग टप्प्याटप्प्याने अनुदान: २० टक्के, ४०, ६०, ८० आणि शेवटी १००.

२० टक्के म्हणजे किती ते बघा. पूर्ण पगार चाळीस हजार धरला, तर हातात आठ हजार. माझ्या ओळखीचा एक शिक्षक इतिहास शिकवायचा. सकाळची शाळा संपली की दुपारी द्राक्षबागेत पॅकिंगला जायचा, आणि हंगामात वर्गातली काही मुलंही तिथे त्याच्याच शेजारी खोकी भरत असायची. तो मला म्हणाला होता, "सर, दुपारी ती मला सर म्हणत नाहीत, दादा म्हणतात. बरं वाटतं, अवघडल्यासारखं होत नाही." पुढच्या टप्प्याचा शासन निर्णय निघाला का, हे तो रोज रात्री मोबाइलवर बघायचा.

अशा माणसाला शिक्षक आमदार लागतो. जुन्या पेन्शनचंही तसंच. १ नोव्हेंबर २००५ ही तारीख. तिच्या आधी नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन. पण त्या तारखेच्या आधी लागलेला शिक्षक ज्या शाळेत होता तिला तेव्हा शंभर टक्के अनुदान नसेल, तर तो आधीचा धरायचा की नंतरचा? यावर किती अर्ज आणि किती याचिका झाल्या. शिवाय रोजची कामं असतातच. शालार्थ आयडी, म्हणजे ऑनलाइन पगारासाठी लागणारा क्रमांक, अडकला, संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून पदं ठरवताना, पद गेलं, शिक्षक अतिरिक्त ठरला, वैद्यकीय बिल दोन वर्षं टेबलावर पडून आहे. एकट्या शिक्षकाने कार्यालयात जाऊन विचारलं तर "साहेब मीटिंगला आहेत." मी स्वतः एका कार्यालयात फरकाच्या बिलासाठी सात चकरा मारल्या आहेत. आठव्यांदा आमदारांचं पत्र घेऊन गेलो, तर फाइल त्याच दुपारी सापडली. काम झाल्याचा आनंद झाला, आणि पत्र नसलेल्यांचं काय होत असेल हा विचार घरापर्यंत सोबत आला.

सभागृहातली त्याची हत्यारं म्हणजे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, औचित्याचा मुद्दा. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, उपप्रश्नही येतात. मंत्र्याने तिथे दिलेलं आश्वासन नोंदलं जातं आणि ते पाळलं का हे बघायला आश्वासन समिती असते. ज्या आमदाराला नियम पाठ आहेत, जो शासन निर्णयाची तारीख तोंडावर सांगतो, त्याला मंत्रीही बिचकून असतात. प्रा. बी. टी. देशमुख हे त्याचं ठळक उदाहरण. अमरावती पदवीधर मतदारसंघातून ते १९८० ते २०१० अशी सलग तीस वर्षं परिषदेत होते. प्राध्यापकांचे प्रश्न आणि विदर्भाच्या विकासाचा अनुशेष या दोन विषयांवर त्यांनी कागदांच्या जोरावर सभागृह हलवलं.

पण या सभागृहाच्या ताकदीला कुंपण आहे, तेही माहीत हवं. पैशाचं विधेयक परिषद फार तर चौदा दिवस ठेवून घेऊ शकते. साधं विधेयक आधी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केलं तर आणखी एक महिना, एवढाच उशीर तिला करता येतो. शेवटचा शब्द विधानसभेचा. त्यामुळे "मी तुम्हाला शंभर टक्के अनुदान मिळवून देईन" असं एकटा शिक्षक आमदार म्हणत असेल, तर तो स्वतःच्या हातात नसलेलं देऊ करतो आहे. तिजोरी वित्त विभागाकडे असते. आमदार तगादा लावू शकतो, लाज आणू शकतो, इतरांना सोबत घेऊ शकतो. म्हणून परिषद कुचकामी, असंही समजू नये. अख्ख्या देशाला वाट दाखवणारी रोजगार हमी योजना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे याच सभागृहाचे सभापती होते.

आता यादीबद्दल, कारण खरा घोळ तिथे आहे. विधानसभेच्या यादीत एकदा नाव आलं की ते राहतं. शिक्षक मतदारांची यादी मात्र प्रत्येक निवडणुकीला नव्याने, कोऱ्या कागदावरून तयार होते. गेल्या वेळी मत दिलंय म्हणून या वेळी नाव असेलच असं नाही. नमुना १९ हा नावनोंदणीचा अर्ज भरावा लागतो, सोबत मुख्याध्यापकांचा सही-शिक्क्याचा दाखला, की हा माणूस गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं आमच्याकडे शिकवत होता. हा दाखला मुख्याध्यापकांच्या, आणि पर्यायाने संस्थेच्या हातात असतो. त्यामुळे शाळेत गठ्ठ्याने फॉर्म भरले जातात आणि शिक्षकाला आपण कुठे सही केली हे कधी कधी कळतही नाही. एका निवडणुकीच्या वेळी माझ्याही टेबलावर न मागता एक पिशवी आली होती, आत सफारीचं कापड. शिपाई म्हणाला, सगळ्यांना दिलंय. मी परत पाठवली. शिक्षकाच्या मताची किंमत अडीच मीटर कापड लावणाऱ्याला मी शिक्षकांचा माणूस म्हणणार नाही.

शिक्षकांनी ठरवलं तर काय होतं हेही बघितलं आहे. २०२४ची निवडणूक आधी १० जूनला लागली होती. तेव्हा शाळांना सुट्टी, शिक्षक गावोगाव पांगलेले. संघटनांनी हरकत घेतली आणि निवडणूक आयोगाने मतदान २६ जूनला नेलं.

त्या दिवशी मी मत देऊन बाहेर आलो तेव्हा बायको केंद्राच्या फाटकाशी उभी होती. मी निवृत्त झालो होतो, पण आधीच्या सहा वर्षांत तीनपेक्षा जास्त वर्षं शिकवलेलं असल्याने नाव यादीत होतं. बोटाला शाई होती, आणि त्या पेनाचा जांभळा डाग अंगठ्यालाही लागला होता.

"दुसरी पसंती लिहिलीत ना?" तिने विचारलं.

"तिसरीपण लिहिली," मी म्हटलं.

शिक्षक म्हणून ते माझं शेवटचं मत. २०३० साली मी त्या यादीत बसणार नाही. आमची सून मात्र ओझरजवळच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, तिची तीन वर्षं कधीच झाली. यादीसाठी आदल्या वर्षीची १ नोव्हेंबर ही तारीख धरतात, म्हणून २०२९च्या ऑक्टोबरात तिचा नमुना १९ भरायचा, हे बायकोने आत्ताच तिला बजावून ठेवलं आहे. फॉर्म शाळेत कोणाकडे द्यायचा नाही, स्वतः जाऊन द्यायचा आणि पोच घ्यायची. आणि मत मागायला जो येईल त्याला एक विचारायचं, सुरगाण्याच्या पाड्यावर शेवटचे कधी गेला होतात.